आठ बाय चारचा प्लाय घेण्याआधी

पत्र : दादा, मी नागपुरात मानेवाड्यात राहते, बँकेत नोकरी करते. बाबा नागभीडच्या छोट्या (नॅरोगेज) गाडीवर गार्ड होते. दिवाळीत त्यांच्यासाठी आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी एचओ स्केलचा ट्रेन सेट घेतला. सेटमधल्या गोल ट्रॅकवर त्यातले छोटे डबे मस्त चालतात. मग मुलीने हट्ट केला म्हणून एलएचबीचे, म्हणजे राजधानीसारख्या गाड्यांचे लांब डबे वेगळे मागवले, तर वळण लागलं की ते रुळावरून उतरून राहिले. बाबा म्हणतात, वळण फार आखूड आहे. दुकानदार म्हणतो, गाडी हळू चालवा. आता गच्चीवरची दहा बाय बाराची खोली रिकामी केली आहे. दार दहा फुटी भिंतीच्या मध्यावर आहे, अडीच फुटी, बाहेर उघडतं. आठ बाय चारचा प्लाय आणायचा विचार आहे. ट्रॅक तयार तुकड्यांचा घेऊ की वाकवता येणारा? वळण किती ठेवू? मुलीला आपलं डायमंड क्रॉसिंगही पाहिजे. आणि सेटमधल्या ट्रॅकचं काय करू?

उत्तर : ताई, बाबांचं बरोबर आहे. हळू चालवल्याने थोडा फरक पडेल, पण डबे उतरतात ते वळणामुळेच. आठ बाय चारचा प्लाय आणलात तर हे दुखणं कायमचं त्यावर ठोकलं जाईल. म्हणून प्लायच्या दुकानात जायची घाई करू नका.

बहुतेक लोक आधी फळी आणतात, मग फळीत मावेल तेवढं वळण टाकतात आणि डबे सर्वांत शेवटी घेतात. क्रम नेमका उलटा हवा. आपल्याकडे धावणारा सर्वांत लांब डबा कोणता, ते आधी ठरवायचं. त्यावरून वळणाची त्रिज्या ठरते आणि त्रिज्येवरून फळी.

खरा एलएचबी डबा २३.५४ मीटर लांब असतो. एचओ म्हणजे १:८७, तेव्हा तुमच्याकडचा डबा २७ सेंटिमीटरच्या आसपास भरला पाहिजे. पट्टी लावून बघा. सुरुवातीच्या सेटमधलं वळण बहुधा १८ इंची असतं, म्हणजे त्रिज्या ४५७ मिलिमीटर. मॉडेल रेल्वेवाल्यांचा जुना आडाखा असा, की त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुप्पट असेल तर डबा कसाबसा जातो, अडीचपट असेल तर बहुतेक गाड्या नीट चालतात आणि तिप्पट असेल तर निर्धास्त राहावं. २७ ची दुप्पट ५४. तुमचं वळण पावणेसेहेचाळीसचं. म्हणजे कसाबसा जाण्याइतकीही जागा डब्याला मिळत नाही.

डबे वळण लागताना उतरतात असं तुम्ही लिहिलंत, ते फार नेमकं निरीक्षण आहे. महाल भागातल्या बोळात लांब शिडी वळवताना मधला भाग आतल्या भिंतीला घासतो आणि टोकं बाहेर जातात, तसंच डब्याचं होतं. एलएचबीच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांच्या) मध्यांतलं अंतर १४.९ मीटर, मॉडेलमध्ये सुमारे १७१ मिलिमीटर. ४५७ च्या वळणावर या डब्याचं पोट रुळाच्या मध्यरेषेपासून ८ मिलिमीटर आत येतं आणि टोक १२ मिलिमीटर बाहेर जातं. पूर्ण गाडी वळणात असली की सगळीच टोकं बाहेर गेलेली असतात, त्यामुळे डबे जोडणारी कपलिंग समोरासमोर राहतात. पण पुढचा डबा वळणात शिरलेला आणि मागचा अजून सरळ रुळावर, या क्षणी एकाचं टोक १२ मिलिमीटर बाहेर आणि दुसऱ्याचं जागेवर. कपलिंग तिरपं ओढलं जातं, हलका डबा उचलला जातो आणि चाकाची कड रुळावर चढते. गाडी मागे ढकलताना हे आणखी लवकर होतं. ७६० मिलिमीटरच्या वळणावर तेच टोक फक्त ७ मिलिमीटर बाहेर जातं.

आता तुमच्या प्लायचा हिशेब. चार फूट म्हणजे १२२० मिलिमीटर. गाडी जमिनीवर पडू नये म्हणून दोन्ही कडांना ५ सेंटिमीटर तरी सोडायला हवेत. उरली त्रिज्या ५६०. एलएचबीच्या दुप्पटीपेक्षा जेमतेम जास्त. शिवाय हा प्लाय खोलीच्या मधोमध ठेवला तर खोलीत दुसरं काही राहत नाही, आणि भिंतीला लावला तर पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचत नाही. वाकून हात जातो तो पाऊण मीटरपर्यंत, आणि गाडी नेमकी मागच्या कोपऱ्यात उतरते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. मध्यभागी टेबल नको, चारही भिंतींलगत दीड फूट रुंदीची फळी फिरवा आणि आपण मध्ये उभे राहा. दहा बाय बाराच्या खोलीत प्रत्येक कोपऱ्यात ७६० मिलिमीटरचं, म्हणजे ३० इंची वळण आरामात बसतं. तुमच्या डब्याच्या लांबीच्या पावणेतीनपटीहून जास्त. रूळ भिंतीपासून ७ सेंटिमीटर सोडला तर बारा फुटी भिंतीवर दोन वळणांच्या मध्ये साधारण दोन मीटर उरतात. तिथे इंजिन आणि चार एलएचबी डबे उभे राहतील असा फलाट होतो. कोपऱ्यात भिंतींच्या कोनापासून तिरपं मोजलं तर रूळ सुमारे ४१ सेंटिमीटरवर येतो, म्हणून तिथे फळीची आतली बाजू काटकोनात न कापता तिरपी कापून रुंद ठेवायची. मागे जो त्रिकोण उरतो तो डोंगर, वस्ती, झाडं यांच्यासाठी.

दार बाहेर उघडतं हे फार सोयीचं आहे. दारासमोर तीन फुटांच्या आत एक उचलता येणारी फळी ठेवा. त्या फळीवर फक्त सरळ रूळ असू द्या, वळण किंवा पॉइंट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) चुकूनही नको. फळी उचलली की तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फूटभर रुळांचा करंट आपोआप तुटेल अशी वायरिंग करून घ्या, नाहीतर मुलगी फळी उचलेल आणि इंजिन थेट फरशीवर जाईल. फळीची उंची मुलीच्या छातीपर्यंत आणि बाबांना स्टुलावर बसून दिसेल एवढी ठेवा.

७६० हे मोठं वाटत असेल तर खऱ्या रेल्वेचं माप सांगतो. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. एचओमध्ये ती दोन मीटर होते! घरात कुणालाच ते परवडत नाही, सगळेच तडजोड करतात. पण बाबांच्या छोट्या गाडीचं तसं नाही. ७६२ मिलिमीटर गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) ४० अंशांपर्यंतचं, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येचं वळण चालायचं. ८७ ने भागा, ५०६ मिलिमीटर येतात. ब्रॉडगेजला ज्या खोलीत तडजोड करावी लागते, त्याच खोलीत नॅरोगेजचं वळण अस्सल मापाचं बसतं. गेजही जुळतं. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, आणि एन या एचओहून छोट्या स्केलचा ट्रॅक ९ मिलिमीटरचा असतो. उलट ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर एचओमध्ये १९ च्या वर भरायला हवेत, पण बाजारात मिळतो तो १६.५ चाच ट्रॅक.

त्यामुळे मला मनापासून वाटतं, की मोठ्या लाइनच्या एका कोपऱ्यात नॅरोगेजचा छोटा फाटा ठेवाच. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ च्या अखेरीस. इतवारीला मोठी आणि छोटी गाडी शेजारी उभी असायची हे बाबांनी रोज पाहिलं आहे, नातीला ते फक्त इथेच दिसेल. अडचण एकच, भारतीय नॅरोगेजची तयार मॉडेलं एचओमध्ये सहज मिळत नाहीत. ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटर गेजच्या गाड्यांची मिळतात, पण महाग. म्हणून आत्ता फक्त जागा राखा, फाट्याचा रूळ अंथरा आणि डबे बाबांना कार्डशीटचे करू द्या. कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे बाबा आणि मुलगी यांनी टेप आणि वही घेऊन जावं. डब्याची लांबी, दोन चाकांमधलं अंतर, दाराची उंची मोजून आणावी. फोटोंवरून माप काढण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

ट्रॅक कोणता, हा तुमचा दुसरा प्रश्न. मुख्य लाइनसाठी वाकवता येणारा फ्लेक्स ट्रॅक घ्या. तयार तुकड्यांचा ट्रॅक वाईट नसतो, पण त्यात त्रिज्या ठरीव असतात. पेको आणि हॉर्नबी या मॉडेल रेल्वे कंपन्यांच्या तयार तुकड्यांत ३७१, ४३८, ५०५ आणि ५७२ मिलिमीटर अशा चार पायऱ्या मिळतात. आपल्याला हवी ती ७६० यांत नाही. शिवाय दर तुकड्याला एक जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे करंट अडण्याची नवी जागा. पेकोचा फ्लेक्स ट्रॅक ९१४ मिलिमीटरचा येतो. तुमची फेरी साडेअकरा मीटरच्या आसपास होईल, म्हणजे तेरा नग. वाया जाण्यासाठी एक जास्तीचा घ्या.

रुळाच्या उंचीला कोड म्हणतात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिलिमीटर. आपला ६० किलोचा खरा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो, एचओमध्ये तो दोन मिलिमीटरच भरतो. त्यामुळे कोड ७५ किंवा ८३ दिसायला जास्त खरा वाटतो. तरीही तुम्ही कोड १०० घ्या. जुन्या किंवा स्वस्त डब्यांच्या चाकांची कड खोल असते, ती कोड ७५ वर स्लीपरवरच्या, रूळ धरणाऱ्या खुंट्यांना ठकठक आपटते. लहान मुलं हाताळणार असतील तर दणकट रूळच बरा. बाजूला खडी पसरून रुळाच्या कडेला गंजाचा तपकिरी रंग दिला की उंचीचा फरक नजरेत राहत नाही.

धातू मात्र बघून घ्या. निकेल सिल्व्हरचाच रूळ हवा. हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. स्टीलचा रूळ स्वस्त असतो आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये गंजतो. दुकानात चुंबक घेऊन जा. चिकटला तर स्टील. आणि कूलर! नागपुरात उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत कूलर लागणारच, पण त्याची हवा थेट फळीवर येऊ देऊ नका. ओल्या हवेने प्लाय फुगतो आणि रूळ खालीवर होतात. प्लाय बसवण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांनाही रंग मारून घ्या. कडाच सर्वांत जास्त पाणी पितात.

उन्हाचा दुसरा हिशेबही इथल्यासाठीच आहे. स्लॅबखालची खोली जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांवर असते आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसला टेकते. एवढ्या फरकाने ९१४ मिलिमीटरचा रूळ साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. एकट्या तुकड्यात तो दिसत नाही, पण सगळे जोड घट्ट भिडवले तर पूर्ण फेरीत मिळून जवळजवळ ७ मिलिमीटर जागा मागतात. ती नसली की वळणावरचा रूळ बाजूला फुगतो. हिवाळ्यात ट्रॅक बसवणार असाल तर दर जोडात व्हिजिटिंग कार्ड दुमडून मावेल एवढी फट सोडा. मे महिन्यात बसवलात तर फट नको. रेल्वेत फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) जोडाला हीच काळजी घेतात, बाबा लगेच ओळखतील. फट सोडली की जॉइनरच्या (रूळ जोडणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याच्या) भरवशावर करंट पोचत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. काम किचकट आहे, पण एकदा केलं की इंजिन कधी मधेच थबकत नाही.

वळणावरचा जोड मात्र वेगळा. कोपऱ्यातलं पाव वर्तुळ सुमारे १२०० मिलिमीटर लांब होतं, म्हणजे एक नग पुरत नाही. दोन नग टेबलावर सरळ ठेवून जॉइनर घालून सोल्डर करा, पट्टी लावून सरळ आहेत का बघा आणि मगच एकदम वाकवा. आधी वाकवून मग जोडलेत तर जोडावर कोपरा पडतो आणि गाडी तिथेच उडी मारते. वाकवताना आतला रूळ बाहेरच्यापेक्षा २६ मिलिमीटर पुढे सरकलेला दिसेल. घाबरू नका, तो तेवढाच यायला हवा. जास्तीचा भाग बारीक करवतीने कापा, कापलेली कड कानशीने घासून गोल करा. बोट फिरवून बघा, नखाला काही अडत नसेल तर चाकालाही अडणार नाही.

सरळ रूळ संपला आणि थेट ७६० चं वळण सुरू झालं, असं करू नका. रेल्वे मध्ये ट्रान्झिशन कर्व्ह टाकते, म्हणजे वळण हळूहळू वाढत जातं. तुमचे डबे जिथे उतरतात, त्या जागेवरचा हाच खरा उपाय. घरी करायला सोपा आहे. सरळ रेषा वळणाला न टेकवता अर्धा इंच बाहेरून आखा. वायरिंगच्या केसिंगची लवचिक पट्टी घ्या, एक टोक सरळ रेषेवर आणि दुसरं वळणावर धरा. मध्ये वीस इंच राहू द्या, निम्मे सरळच्या बाजूला, निम्मे वळणाच्या. पट्टी आपोआप जी वाक घेईल, तिच्यालगत पेन्सिल फिरवा. झालं. एवढ्या कामाने गाडीची चालच बदलते, डबे झटका न घेता वळणात शिरतात.

दोन लाइन टाकणार असाल तर वळणावर त्यांच्या मध्यरेषांत ६० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर नको. डबा ३७ मिलिमीटर रुंद, त्यात एकाचं पोट ५ आत आणि दुसऱ्याचं टोक ७ बाहेर. ५० ठेवलेत तर दोन राजधान्या एकमेकींना घासतील.

पॉइंट घेताना त्याचं आतलं वळण बघा. तयार तुकड्यांच्या ट्रॅकमधले पॉइंट बहुधा ४३८ चे असतात, तिथे तुमचं एलएचबी पुन्हा तेच करेल. पेकोच्या फ्लेक्स ट्रॅकबरोबरच्या पॉइंटमध्ये ६१०, ९१४ आणि १५२४ मिलिमीटर अशा तीन जाती आहेत. मुख्य लाइनवर ९१४ चा घ्या, जागा असेल तर १५२४ चा. एकाच पॉइंटवरून डावीकडे जाऊन लगेच उजवीकडे वळायचं असेल तर मध्ये एका डब्याच्या लांबीएवढा सरळ रूळ हवाच. उलटसुलट वळणं पाठोपाठ आली की एका डब्याचं टोक डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे जातं आणि कपलिंग तुटतं किंवा डबा उतरतो.

मुलीच्या डायमंड क्रॉसिंगला नाही म्हणू नका. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या लाइन जिथे एकमेकींना कापतात ते क्रॉसिंग नागपूरच्या लेआउटवर नसेल तर कुठे असणार? फक्त दुसरी लाइन चालती ठेवू नका, कारण तिला काटकोनात पुढे न्यायला तुमच्या फळीवर जागाच नाही. बारा फुटी भिंतीच्या सरळ भागात ९० अंशांचं तयार क्रॉसिंग बसवा आणि उभी लाइन भिंतीपासून फळीच्या कडेपर्यंत अंथरा. एका बाजूला ती रंगवलेल्या देखाव्यात शिरल्यासारखी दिसेल, दुसऱ्या बाजूला कडेला थांबेल. क्रॉसिंग घेताना दोन्ही लाइनचे रूळ एकमेकांपासून इन्सुलेट केलेले आहेत याची खात्री करा, म्हणजे शॉर्ट होण्याचा प्रश्न नाही. वळणात किंवा ट्रान्झिशनमध्ये मात्र ते बसवू नका.

सगळं विकत घेण्याआधी एक चाचणी करा. फक्त दोन नग फ्लेक्स ट्रॅक आणा. खोलीच्या फरशीवर खिळा, दोरी आणि खडू घेऊन ४५७, ५६० आणि ७६० च्या कमानी काढा. एकेका कमानीवर ट्रॅक वाकवून सेलोटेपने चिकटवा आणि दोन एलएचबी डबे जोडून हाताने ढकला, पुढेही आणि मागेही. मुलीला टोकं किती बाहेर जातात ते पट्टीने मोजायला लावा. तिघांनी मिळून हे केलंत की त्रिज्या माझ्या सांगण्यावरून नाही, तुमच्या डोळ्यांनी ठरेल.

राहिला सेटमधला ट्रॅक. तो फेकू नका, विकूही नका. १८ इंची वळण प्रवासी गाडीला आखूड आहे, मालगाडीला नाही. कोळशाची बॉक्सएन वाघीण १०.७ मीटरची, मॉडेलमध्ये १२३ मिलिमीटर. तिची तिप्पट ३६९ होते, म्हणजे ४५७ वर ती बिनधास्त पळते. मुख्य लाइनवरून एक पॉइंट काढा, फळीचा एक कोपरा थोडा आत वाढवा आणि सेटमधल्या वळणांची कोळशाची साइडिंग करा, कोराडीच्या वीज केंद्राकडे जाते तशी. सेटमधल्या ट्रॅकला खाली प्लास्टिकची खडी जोडलेली असेल तर तो फ्लेक्स ट्रॅकला थेट जुळत नाही. त्याच कंपनीचा जोडतुकडा मिळतो का ते विचारा. उंचीत फरक पडला तर फ्लेक्स ट्रॅकखाली कॉर्कची शीट घालून दोन्ही समपातळीत आणा. त्या साइडिंगवर सेटमधलं छोटं इंजिनच चालवा, आणि तिचा कंट्रोल मुलीच्या हातात द्या. मुख्य लाइन बाबा सांभाळतील.